समुद्राचें दर्शन आणि पैशाचें माप

दिवाळीच्या सुटींत आमचे एक स्नेही सेलूहून आमच्याकडे आले होते. वकिली उत्तम चाललेली, स्वभाव मोकळा, आणि एकुलत्या एका मुलावर फार जीव. बरोबर त्यांनीं एक वही आणली होती. तींत तीन ठिकाणांचीं नांवें, प्रत्येकापुढें दर दिवसाचें भाडें, खोलीचें वर्णन, आणि शेवटीं एक रकाना 'स्नॉर्केलिंग' असा. मुलगा नऊ वर्षांचा. डोळ्यांवर कांचेचा मास्क बसवून, तोंडांत श्वासाची नळी धरून पाण्यावर पालथें तरंगावयाचें आणि खालचें जग पाहावयाचें, हा जो खेळ, तो त्याला यंदा प्रथमच दाखवावयाचा होता. एक रिसॉर्ट अंदमानांतील स्वराज द्वीपावरचें, दुसरें गोव्याचें, तिसरें लक्षद्वीपांतलें. तिन्ही आलिशान. "यांतलें कोणतें निवडावें तेवढें सांगा. तुम्ही एकदां मुलीला घेऊन जाऊन आला आहांत," असें म्हणून त्यांनीं वही आमच्यापुढें सरकविली.

वरवर पाहतां हा प्रश्न मासिकाच्या पृष्ठांवर आणण्याजोगा नव्हे. तो प्रवासी कंपनीच्या कचेरींत सुटावा. परंतु उत्तर देऊं लागलों तेव्हां आमची जीभ अडखळली. आणि ती कां अडखळली याचा विचार करतां करतां ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न ठिकाणाचा नसून आईबापांच्या कर्तव्याचा आहे. मुलाला एखादी मोठी गोष्ट प्रथम दाखवावयाची असतां पैशानें आपण काय विकत घेतों, आणि काय विकत घेऊं शकत नाहीं? तोच विचार येथें वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

आम्ही परभणीकर समुद्रापासून फार दूरचे. सरळ रेषेंत मोजलें तरी अरबी समुद्र आमच्यापासून सुमारें ४०० किलोमीटर आहे. सडकेनें गेल्यास अंतर याहून पुष्कळ वाढतें. आमचें पाणी म्हणजे गोदावरी, पूर्णा आणि दुधना, येलदरीचें धरण, शेतांतली विहीर, आणि वाईट वर्षीं दारापुढें उभा राहणारा टँकर. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, ती गोष्ट आमच्याकडे घरोघरीं अजून निघते. अशा मुलखांतल्या मुलाला क्षितिजापर्यंत पसरलेलें पाणी दाखवावें अशी इच्छा आईबापांस व्हावी, यांत गैर कांहींच नाहीं. उलट ती इच्छा आम्हांस फार उमदी वाटते. ज्यानें पाणी कळशीनें मोजलेलें पाहिलें आहे, त्यानें न मोजतां येणारें पाणीहि पाहिलें पाहिजे.

परंतु विहीर आणि समुद्र यांत एक भेद आहे, आणि प्रश्नाचें मूळ तेथेंच आहे. खेड्यांतल्या मुलाला पोहावयास शिकवितात तें पाठीला रिकामा डबा किंवा सुकलेला भोपळा बांधून. शिकविणारा काका असतो, मामा असतो, नाहींतर घरचा सालगडी. त्या विहिरीची कोणती पायरी निसटली आहे, कोणत्या कोपऱ्यांत गाळ आहे, चैत्रांत पाणी किती खालीं जातें, हें सर्व त्याला ठाऊक असतें. आणि मूल पाण्यांत असेपर्यंत त्याची नजर दुसरीकडे जात नाहीं. या शिक्षणाला पैसा लागत नाहीं; पण ज्ञान लागतें आणि लक्ष लागतें. समुद्राविषयीं आमच्याजवळ हें ज्ञान मुळींच नाहीं. भरती-ओहोटीच्या वेळा आम्हांस ठाऊक नसतात, वाऱ्याचा रंग आम्हांस ओळखतां येत नाहीं, लाट कोठें फुटते आणि कां फुटते हें आम्हीं फक्त पुस्तकांत वाचलेलें. मग ज्ञानाच्या रिकाम्या जागीं आम्ही किंमत नेऊन बसवितों. जें अधिक महाग तें अधिक सुरक्षित, जें अधिक महाग तें अधिक सुंदर, आणि जें अधिक महाग तें मुलावरील अधिक प्रेमाचें चिन्ह, असा हिशेब मनांतल्या मनांत तयार होतो. आमच्या स्नेह्यांच्या वहींतले रकाने याच हिशेबाचे होते.

रूसोनें १७६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'एमिल' या ग्रंथांत या वृत्तीला एक मार्मिक चिमटा काढला आहे. थोरामोठ्यांच्या मुलांना घोड्यावर बसणें आवर्जून शिकवितात, कारण त्याला खर्च येतो. पोहणें शिकवीत नाहींत, कारण त्याला खर्च नाहीं आणि साध्या कारागिरालाहि तें येऊं शकतें, असा त्याचा आशय. घोड्यावर न बसतां माणूस सुखानें जगतो; पाण्यांत पडल्यावर मात्र न पोहतां जगत नाहीं. अडीचशें वर्षें लोटलीं तरी हा चिमटा बोथट झालेला नाहीं. आमच्या ओळखींतल्या किती घरांत समुद्रकांठचें आरक्षण आधीं झालें, आणि मुलाला पोहतां येतें काय, हा प्रश्न मागाहून निघाला!

येथें एक न्याय केला पाहिजे. ऐषआरामावर टीका करणें हें लेखकाचें फार सोपें काम आहे, आणि त्यांत बहुधा स्वतःला न परवडण्याचा राग तत्त्वज्ञानाचें उपरणें पांघरून आलेला असतो. महागड्या ठिकाणीं कांहीं गोष्टी खरोखरच चांगल्या असूं शकतात. एका शिक्षकाच्या हवालीं वीस माणसें न करतां दोनच करणें, मुलाच्या चेहऱ्याला बसेल असा मास्क ठेवणें, होडी धड असणें, प्रथमोपचार शिकलेला माणूस किनाऱ्यावर हजर असणें, या सर्वांस पैसा लागतो. शिवाय वर्षभर घर आणि नोकरी दोन्ही सांभाळून थकलेल्या आईला चार दिवस आयतें ताट मिळालें, तर त्या सुखाला पाप म्हणणारे आम्ही नव्हे. गैरसोय सोसण्यांत आपोआप पुण्य असतें असें मानणें, हीहि एक फुशारकीच आहे.

तेव्हां प्रश्न असा कीं, या भाड्यांतला कोणता पैसा मुलाच्या श्वासासाठीं आहे, आणि कोणता गादीच्या मऊपणासाठीं? जाहिरातींत हे दोन्ही एकत्र कालवलेले असतात. निवडून वेगळे करणें हें पालकांचें काम. लहान मुलाला नळी लहानच लागते. मोठ्या माणसाची लांब-रुंद नळी दिली, तर सोडलेला श्वासच पुन्हां आंत ओढला जातो. मास्क पट्टा न लावतां चेहऱ्यावर नुसता टेकवून नाकानें श्वास आंत ओढावा. तो चिकटून राहिला तर बरोबर बसला असें समजावें. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाला योग्य असावें, आणि होडींत पाय ठेवण्यापूर्वीं तें अंगावर चढावें; बसावयाच्या फळीखालीं राहूं नये. मूल पोहणारें असलें तरी पहिला धडा कमरेइतक्या पाण्यांत, पाय टेकत असतांना व्हावा. थंडीनें ओठ निळे पडूं लागले कीं खेळ संपला. पावसाळ्याच्या महिन्यांत कोंकणच्या किनाऱ्यावर या गोष्टीचें नांवहि काढूं नये. आणि मुख्य म्हणजे पाण्यांत मुलाच्या हाताच्या अंतरावर कोण असणार, तें आधीं विचारावें.

मे २०२२ मध्यें मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रांत पर्यटकांची एक होडी उलटून दोघांचा अंत झाला. सुटीच्या दिवसांत हौसेनें गेलेलीं तीं माणसें होतीं. समुद्र कोणाची पावती वाचीत नाहीं, एवढें त्यावरून शिकावें. वरच्या प्रश्नांपैकीं एकहि प्रश्न विचारण्यास पैसा पडत नाहीं. पण पैसा भरला कीं ते विचारावयाचे राहून जातात, असा मनुष्यस्वभाव आहे. आपण भाडें भरतों आणि त्याबरोबर आपली काळजीहि दुसऱ्याच्या हवालीं केली असें समजतों. भाडें दुसऱ्याकडे जातें; काळजी आपल्याकडेच राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट समुद्राच्या बाजूची. आलिशान रिसॉर्टमध्यें सर्व कांहीं पाहुण्यासाठीं मांडलेलें असतें: टॉवेल पाहुण्यासाठीं, फळें पाहुण्यासाठीं, समुद्राच्या शेजारीं पोहण्याचा वेगळा तलावहि पाहुण्यासाठीं. त्यामुळें मूल नकळत असें शिकतें कीं, पाण्याखालचे मासेहि आपल्यासाठींच मांडलेले आहेत. कांहीं ठिकाणीं पाव-बिस्किटांचे तुकडे टाकून मासे जमवितात. मग तर शंकेला जागाच राहत नाहीं. वस्तुस्थिति उलट आहे. पोवळें हा दगड नव्हे. असंख्य चिमुकल्या जीवांची ती वसाहत असते, आणि त्यांच्या अंगांत राहणारीं सूक्ष्म शैवलें त्यांना अन्न पुरवितात. भरीव जातीचें पोवळें वर्षाकांठीं कांहीं मिलिमीटर, फार तर एखादा सेंटीमीटर वाढतें. मुलाच्या पायाची एक लाथ कित्येक वर्षांची वाढ मोडूं शकते. पाणी फार तापलें कीं तीं शैवलें निघून जातात आणि पोवळें पांढरें पडतें. लक्षद्वीपांत १९९८, २०१० आणि २०१६ सालीं असें घडलें. उन्हापासून बचावासाठीं अंगाला लावण्याच्या मलमांतील कांहीं द्रव्यें पोवळ्यांस बाधक, म्हणून पलाऊनें २०२० पासून आणि हवाईनें २०२१ पासून तशा मलमांवर बंदी घातली.

मालवणच्या समुद्राचा सुमारें २९ चौरस किलोमीटरांचा टापू १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेथील मच्छीमारांनीं त्याला विरोध केला, कारण ज्या पाण्याकडे आपण शोभा म्हणून पाहतों तें त्यांचें पोट आहे. त्यांत कोणाचें किती बरोबर, हा वेगळा विषय. पण मुलाला एवढें कळलें पाहिजे कीं, ज्या पाण्यांत तें डोकावतें आहे, तें कोणाचें तरी घर आणि कोणाचें तरी शेत आहे. बांधावरून जातांना उभें पीक तुडवूं नये, हें परभणीच्या मुलाला सांगावें लागत नाहीं. तसाच बांध पाण्यांतहि आहे, एवढेंच त्याला दाखवून द्यावयाचें.

आतां तिसरी गोष्ट, आणि तीच आमच्या अडखळण्याचें खरें कारण. कांहीं वर्षांपूर्वीं, आमची मुलगी आठ वर्षांची असतां, आम्हीं तिला अशाच एका आलिशान ठिकाणीं नेलें. ठिकाणाचें नांव घेत नाहीं, कारण दोष त्या ठिकाणाचा नव्हता. होडी चांगली होती, जाकिटें चांगलीं होतीं, बरोबरचा शिक्षक समंजस होता. मुलीला विहिरींत पोहतां येत होतें. शिडीवरून ती पाण्यांत उतरली, मास्क लावून एकदां खालीं पाहिलें, आणि झटकन मान वर काढून शिडीचा दांडा दोन्ही हातांनीं घट्ट धरला. "बाबा, मला नको. खालचं सगळं दिसतंय." आमच्या विहिरीचें पाणी गढूळ, तळ दिसत नाहीं म्हणून भय वाटत नाहीं. येथें तळ दिसत होता, आणि तो फार खोल होता. पाण्यांत मास्कमधून पाहिलेली वस्तु एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी भासते. तेव्हां खालचे खडक आणि मासे तिला केवढे वाटले असतील कोण जाणे. तिची भीति शहाणपणाची होती. शिक्षक म्हणाला, "राहूं द्या साहेब, उद्यां बघूं." आणि आम्ही काय म्हणालों? "अगं, एवढे पैसे भरलेत. थोडं तरी बघून घे."

ती पुन्हां उतरली. वीस मिनिटें पाण्यावर पालथी तरंगत राहिली. वर आल्यावर "छान होतं" म्हणाली. आम्हीं तिचें छायाचित्र काढलें, तें घरीं भिंतीवर लावलें, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांस कौतुकानें दाखविलें. पुढें कांहीं महिन्यांनीं, ऐन वैशाखांत, शेतांतल्या विहिरीच्या कांठीं तिची मावसबहीण तिला विचारीत होती, समुद्राच्या खालीं काय काय दिसतें म्हणून. आम्ही पाठमोरे बसलों होतों. मुलगी हळूच म्हणाली, "मला नाहीं माहीत. मी डोळे मिटून घेतले होते." आणि थोडें थांबून, "पण बाबांना सांगूं नको."

या दोन वाक्यांवर आम्हीं जेवढा विचार केला आहे, तेवढा कोणत्याहि ग्रंथावर केला नसेल. त्या वीस मिनिटांत आम्हीं काय विकत घेतलें? एक छायाचित्र, आणि आठ वर्षांच्या मुलीचें एक खोटें बोलणें. तेंहि खोटें तिच्या लाभासाठीं नव्हतें. आम्हांस वाईट वाटूं नये म्हणून होतें. मुलांना पैशाचा आंकडा कळत नाहीं, असें आपण समजतों. आंकडा कळत नसेल, ओझें कळतें. महिनाभर घरांत ठिकाणाची चर्चा चालते, आजीला फोनवरून भाडें सांगितलें जातें, खोलींत शिरतांना "बघ, केवढी मोठी आहे!" असें आई म्हणते, या सर्वांतून मुलाच्या खांद्यावर एक कर्ज चढत असतें. आणि तें फेडावयास त्याच्याजवळ एकच नाणें असतें: आनंदित दिसणें.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, ऐषआरामानें मूल लाडावतें, आळशी होतें, हा नेहमींचा आक्षेप फार खोल जात नाहीं. खरा दोष निराळा आहे. जसजशी किंमत वाढते, तसतसें मुलाचें 'नको' म्हणण्याचें स्वातंत्र्य आटत जातें. आणि ज्याला 'नको' म्हणतां येत नाहीं, त्याच्या 'छान होतं' या शब्दांना कांहीं अर्थ उरत नाहीं. भय आणि विस्मय हीं एकाच दारानें आंत येतात. एकाला उंबऱ्याबाहेर ठेवून दुसऱ्याला घरांत घेतां येत नाहीं. दारांत थोडें थबकावयास मुलाला वेळ दिला पाहिजे, आणि वाटल्यास परत फिरावयास वाट दिली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मुलांच्या प्रत्येक 'नको'ला मान दिला तर तीं शाळेंतहि जाणार नाहींत. आक्षेप खरा आहे. शाळेंत, दांतांच्या डॉक्टरकडे, लस टोंचून घेण्यास मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध न्यावें लागतें. कारण तेथें त्याचें हित त्याच्या इच्छेहून मोठें असतें. पोहणें शिकविणेंहि आम्ही याच वर्गांत घालूं. तें जीव वाचवितें. त्यासाठीं पहिल्या दिवशीं थोडें रडूं आलें तरी चालेल. परंतु समुद्राखालचें दर्शन हें या अर्थानें हित नव्हे, तें दान आहे. आणि घेणाऱ्याला नाकारतां आलें नाहीं, तर तें दान राहत नाहीं, वसुली होते.

दोन वर्षांनीं आम्ही मालवणास गेलों. एका साध्या घरगुती निवासांत उतरलों. राहण्याचे दिवस अधिक घेतले, किनारा पायीं गांठतां येईल असा पाहिला, आणि समुद्रांत जाण्याचें आगाऊ आरक्षण मुद्दाम केलें नाहीं. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा. घाटावर वाढलेल्या राजानें १६६४ सालीं तो बांधावयास घेतला, तेव्हां समुद्राची ओळख त्यालाहि करूनच घ्यावी लागली होती, असें आम्हीं मुलीला सांगितलें. पहिले दोन दिवस ती ओहोटीच्या खडकांतल्या डबक्यांत खेकडे पाहत बसली. तिसऱ्या दिवशीं तिनें आपण होऊन मास्क मागितला, गुडघाभर पाण्यांत ओणवी झाली, आणि तोंड बुडविलें. तिला वाळू दिसली, स्वतःचे पाय दिसले, आणि बोटाएवढा एक पट्ट्यांचा मासा दिसला. "बाबा, तो माझ्याकडेच बघत होता!" त्या सहलींत ती पोवळ्यांपर्यंत गेली नाहीं. आम्हीं विचारलें नाहीं, आणि तिनेंहि म्हटलें नाहीं.

येथें साध्या निवासाचा जय आणि आलिशान रिसॉर्टचा पराजय झाला, असें वाचकांनीं समजूं नये. मालवणासहि आम्हीं तिला रेटलें असतें, तर तिनें तेथेंहि डोळेच मिटले असते. फरक पडला तो आमच्या मापांत.

स्नेह्यांस आम्हीं हेंच सांगितलें, आणि त्यांच्या वहींत दोन नवे रकाने आंखून दिले. एक, 'पाण्यांत हाताच्या अंतरावर कोण?' आणि दुसरा, 'मुलगा नको म्हणाला तर?' ते हंसले. मग कांहीं वेळ गप्प बसले. "पहिला रकाना रिसॉर्टवाल्यांना विचारून भरतो," ते म्हणाले. "दुसऱ्यांत काय लिहूं?" तो रकाना त्यांनीं आणि त्यांच्या पत्नीनें मिळून, घरून निघण्यापूर्वीं भरावयाचा आहे, एवढेंच आम्ही सांगूं शकलों. तो भरतां आला तर परवडेल त्या महाग ठिकाणींहि खुशाल जावें. न भरतां आला तर स्वस्त ठिकाणींहि जाऊं नये.

आमच्याकडे "बनी तो बनी, नहीं तो परभणी" अशी एक म्हण थट्टेनें सांगतात: जमलें तर जमलें, नाहीं तर आपली परभणी आहेच. मुलाच्या श्वासाच्या बाबतींत ही म्हण मुळींच चालावयाची नाहीं. तेथें सगळें आधीं जमलेलेंच असलें पाहिजे. पण त्याच्या आनंदाच्या बाबतींत हिच्याइतकें शहाणपण आम्हांस दुसऱ्या कोठें आढळलेलें नाहीं. गोदावरीचा पूल ओलांडतांना आमच्याकडचीं माणसें गाडीच्या खिडकींतून नदींत नाणें टाकतात. नदीनें त्याबद्दल काय दिलें, असें कोणी विचारीत नाहीं. समुद्राच्या सहलीचे पैसेहि त्या पुलावरच सोडून द्यावेत, आणि पुढचा प्रवास मोकळ्या मनानें करावा.